नाव झाकणारा हात

चारोटीला ट्रकने स्कूटर उडवली, एवढंच फोनवर कळलं. मी डहाणूतल्या आमच्या लॅबच्या पायरीवर हेमाताईची वाट बघत बसले होते. किल्ली तिच्याकडे होती. तलासरीच्या पेशंटांना रिपोर्ट समजावून ती परत येत होती. मी तिला ओळखलं ते चपलेवरून, चेहऱ्यात ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं. दीड महिना झाला. लोक म्हणतात, शांत हो. कशी होऊ? एका ट्रकवाल्याने माझं वाटोळं केलं, आणि त्यातून जिने मला ओढून बाहेर काढलं तिला ट्रकनेच चिरडलं...

दोन हजार चौदाची गोष्ट. आम्ही उधव्याला राहायचो. नवरा ट्रकवर, मी अच्छाडच्या एका धाब्यावर भाकऱ्या थापायची. दोघांनाही एचआयव्ही निघाला. रक्त तपासायला डहाणूला गेलो, तिथे ताई तंत्रज्ञ होती. चिकूवाडीवाल्यांच्या घरातली, काटकुळी, पण बोलायला लागली की समोरच्याची धडगत नाही. तिचं मशीन रक्तातली एकेक पेशी तपासायचं आणि कॉम्प्युटर मोजलेल्या प्रत्येक पेशीचा ठिपका काढायचा. इतर लॅबवाले नुसता आकडा लिहून देत. ताईला ते पटायचं नाही. माणसाला स्वतःचं रक्त दिसलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. म्हणून तिने सॉफ्टवेअरमधून आम्हा दोघांची चित्रं काढली, एकाच पानावर शेजारी शेजारी लावली आणि हौसेने रंगीत छापून दिली. लाल ठिपके. त्याच्या चित्रात तुरळक, माझ्यात खचाखच.

त्याने ते पान घरी अंगणात उघडलं. "माझ्यात चार ठिपके, तुझ्यात रान माजलंय. तूच दिलास मला हा रोग," म्हणाला, आणि ट्रकमधली चाक खोलायची लोखंडी टॉमी घेऊन आला. पहिला फटका कोपरावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. पुढचा जबड्यावर. दात अंगणात सांडले. शेजारी धावले नसते तर त्याने माझं डोकंच फोडलं असतं. आणि खरं सांगू? मार खाताना मला वाटत होतं, याचं बरोबर आहे. पान मीही बघितलं होतं ना...

ताई इस्पितळात धावत आली. सुजलेल्या तोंडाने मी एवढंच विचारलं, "ते ठिपके म्हणजे रोगच ना?"

ती माझ्या खाटेशी फरशीवर बसली. "नाही गं बाई. त्या रोगाशी लढणाऱ्या पेशी. तुझ्या शाबूत आहेत, त्याच्या संपत आल्यात."

मग रडली ती, मी नाही. उठता आलं असतं तर तिच्या थोबाडीत मारली असती, इतका राग आला होता. तसं तिला तोंडावर सांगितलंही. म्हणाली, बरी हो, मग मार.

मारायची राहिलीच. तिने मला लॅबमध्येच कामाला लावलं. प्लास्टर सुटायच्या आत तो मला न्यायला आला, पिऊन तर्र. मॉनिटर उचलून फेकला, ताईचे केस धरून तिचं डोकं टेबलावर आपटलं. मी प्लास्टरचा हात फिरवला तो सरळ त्याच्या नाकावर. भिंतीवर रक्त उडालं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? ताई मात्र हातमोजे चढवून त्याचं नाक पुसत होती आणि म्हणत होती, औषध चालू कर, तुझे ठिपके वाढतील. तिच्या स्वतःच्या कपाळाला केवढं टेंगूळ आलेलं. मी तिला वेडी म्हटलं. त्यानंतर तो मला दिसला नाही. मेला असेल, असंच मी धरून चालले.

झाडलोटीशिवाय मला एक खास काम होतं. कोणाचाही निकाल छापला की ताई नाव तळहाताने झाकायची आणि पान माझ्यापुढे धरायची. वाच, काय समजलं? मी 'कळलं' म्हटल्याशिवाय पान खोलीबाहेर जायचं नाही. मी घोळ घालायचेच. मोजलेल्या पेशींभोवती कॉम्प्युटर चौकट काढतो. मला वाटलं, रोगाला कोंडून ठेवलंय. ताई कपाळावर हात मारायची आणि पुन्हा कॉम्प्युटरपुढे बसायची. लाल गेला, हिरवा आला. नवरा-बायकोचं एकत्र पान बंद झालं. खाली ठळक ओळ आली : हे ठिपके तुमच्या बाजूचे, जितके जास्त तितकं चांगलं. आकडा पुरे की, म्हणून डॉक्टर कुरकुरायचे. ताई त्यांना माझा वाकडा राहिलेला हात दाखवायची. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, पण डॉक्टरांची कुरकुर थांबायची. अशी पाच वर्षं गेली.

तेराव्यानंतर तिच्या भावाने किल्ली दिली. प्रिंटरमध्ये तिने छापलेलं शेवटचं पान तसंच पडलेलं. सवयीने आधी चित्र बघितलं. हिरवे ठिपके दाट, चौकट भरून गेलेली. एका नजरेत समजलं, या माणसाचं औषध लागू पडलंय, हा जगणार. मग नजर वर गेली. नाव झाकायला तिचा हात नव्हता... माझ्या नवऱ्याचं नाव.

म्हणजे तो येत होता. मी नसताना ती त्याला बोलवत असणार. आणि त्याची पानं तळहाताखाली धरून मलाच दाखवत होती. त्यातल्या किती पानांना मी 'कळलं' म्हटलं असेल, देव जाणे. मी पान चुरगाळलं. त्याला शिव्या घातल्या, तिलाही घातल्या, मोठमोठ्याने, खुर्ची लाथेने पाडली. ऐकायला कोणी नव्हतं. मग तो बोळा टेबलावर उलगडला, वाकड्या हाताने दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने एकेक सुरकुती सपाट केली.

"कळलं," म्हटलं, आणि पान पाकिटात घातलं.