फाटकावरचा पिवळा दिवा

माझे सासरे रेल्वेच्या फाटकावर नोकरीला होते आणि जगातल्या प्रत्येक माणसावर त्यांचा संशय होता. दूधवाला पाणी घालतो, असं कुणीही म्हणेल. पण तो पाणी घालत नसेल तर का घालत नाही, याचाही सासऱ्यांना संशय यायचा. घरात काहीही सांगायला जा, पहिला प्रश्न ठरलेला, “कुणी सांगितलं?” जेवायला वाढलंय म्हटलं तरी तेच. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांना कमी ऐकू येत असेल.

विश्वास होता तो फक्त त्यांच्या फाटकावर. त्यातही दांड्यावरच्या लाल दिव्यावर भारी जीव. मध्यंतरी त्याची काच फुटली. नवी काही लवकर येईना, म्हणून त्यांनी साधी काच बसवली आणि तिला आपल्या हाताने लाल रंग दिला. रोज सकाळी रॉकेलच्या फडक्याने ती काच पुसायचे. फडकं लाल व्हायचं.

“विटांचे ट्रकवाले,” ते ओठ आवळून म्हणायचे. “मुद्दाम धूळ उडवतात. मला पाण्यात बघतात मेले.”

ते फडकं धुवायचं माझ्याकडे होतं. लाल पाणी मोरीत जाताना मीही दोन शिव्या ट्रकवाल्यांना देऊन टाकायची.

मग एका संध्याकाळी बेकरीची पावाची गाडी बंद फाटकावर येऊन आदळली. दांडा वाकला, दिवा तेवढा शाबूत राहिला, पाव रुळांवर पसरले. आगगाडी अजून लांब होती म्हणून निभावलं. चालक एकच सांगत होता, “लाल दिवा दिसलाच नाही हो. एक दिवा दिसला, पण मला वाटलं पलीकडच्या घरातला आहे.”

चौकशी लागली. आता दोघांपैकी एक जण जाणार हे उघड होतं. एकतर चालकाची नोकरी, नाहीतर सासऱ्यांची इतक्या वर्षांची बेदाग चाकरी, तीही निवृत्तीच्या तोंडावर. आणि माझं नशीब असं की मी त्याच बेकरीत पाव बांधायला जाते. झालं! सासऱ्यांच्या डोक्यात कट शिजून तयार.

“कुंपणच शेत खातंय,” ते माझ्या नवऱ्याला म्हणाले, मला नीट ऐकू येईल एवढ्या हळू आवाजात.

त्या दिवसापासून माझा फोन वाजला की घरातला रेडिओ बंद व्हायचा. मी शेजारणीशी दारात बोलले तर सासरे आतून खाकरायचे. मी केलेला चहासुद्धा आधी नाकाशी न्यायचे. मला संताप यायचा, आणि खरं सांगते, रडूही यायचं. ज्या घरासाठी पहाटे उठून राबायचं, त्याच घरात चोर ठरायचं.

अशात माझ्या मुलीला, चिमीला, शाळेतून रंगवायला एक चित्र मिळालं. फाटक, फाटकाच्या दांड्यावर गोल दिवा, मागून येणारी आगगाडी. चिमीने इंजिन निळं केलं, धूर जांभळा केला आणि आजोबांना दाखवायला पळाली. जांभळा धूर त्यांनी मुकाट्याने पचवला. मग त्यांचं बोट दिव्यावर थांबलं.

“हा पिवळा का?”

“पिवळाच आहे.”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. दिसतो तसा.”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. “पोरीला पढवलंस होय? बेकरीतून आलंय हे.”

माझा तोल गेला. “पढवायला मला वेळ कुठाय, बाबा? ती रोज शिकवणीवरून माझ्या स्कूटरवर पुढे उभी राहून येते. मी घंटा ऐकून थांबते, दिव्याकडे बघतही नाही. ती बघते. तुम्ही जाऊन एकदा बघा ना!”

गंमत म्हणजे, अंधार पडल्यावर ते कधी रस्त्यावर गेलेच नव्हते. दिवा लागायच्या वेळी ते केबिनमध्ये असायचे. तिथून दिव्याची काळी पत्र्याची पाठ तेवढी दिसते. आणि आमचं घर केबिनच्या मागेच, त्यामुळे सुटी झाल्यावर रस्त्याकडे जायचं कारणच पडत नसे.

संध्याकाळी रात्रपाळीवाल्याच्या ताब्यात फाटक देऊन ते चिमीचा हात धरून रस्त्यावर गेले. मीही मागोमाग गेले. फाटक पडलं होतं. दांड्यावर एक फिकट पिवळा दिवा तेवत होता, कुणाच्याही घरातला वाटावा असा. काचेच्या कडेला नखाएवढा लाल रंग उरला होता.  सासऱ्यांनी खिशातून ते फडकं काढून उलटसुलट करून पाहिलं.

“विटा कुठल्या...” एवढंच म्हणाले. नंतर चिमीच्या डोक्यावर हात ठेवला, तो घरी येईपर्यंत काढला नाही. रोज संध्याकाळी हीच पोरगी याच दिव्यासमोर येत होती.

चौकशीचे साहेब केबिनमध्ये आले तेव्हा चहा घेऊन मीच गेले होते. चालक कोपऱ्यात अंग चोरून उभा होता. साहेबांनी सगळा दोष त्याच्यावर टाकायचं मनात पक्कं केलं होतं, नुसती सही राहिली होती. सासऱ्यांनी त्यांच्यासमोर ते फडकं ठेवलं, शेजारी चिमीचं चित्र.

“हा माणूस खरं बोलतोय, साहेब. रंग मीच पुसून काढला.”

साहेबांनी चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “ही तुमची सून ना? त्याच बेकरीत असते?” ते गालात हसले. “हे असं बोलायला तुम्हाला कुणी सांगितलं?”

सासऱ्यांचा चेहरा उतरला. जन्मभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न पहिल्यांदाच त्यांच्या अंगावर आला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाईट वाटलं आणि जरा बरंही वाटलं.

“सुनेने सांगितलं,” ते म्हणाले. “मीही आधी विश्वास ठेवला नव्हता. तुम्हीही माझ्यावर विश्वास ठेवू नका. संध्याकाळी रस्त्यावर उभं राहून बघा.”

साहेबांनी पाहिलं. चालकाची नोकरी वाचली, सासऱ्यांच्या बेदाग चाकरीवर डाग पडला आणि नवी लाल काच, जी इतके दिवस येत नव्हती, ती दोन दिवसांत आली.

ती बसवून ते घरी आले, माझ्या हातचा चहा न हुंगता प्यायले आणि लाल खडू शोधून चिमीपुढे धरला.

“घे. आता तुझा दिवा लाल कर. खरा लाल झालाय.”

चिमीने खडू घेतला नाही. चित्र मागे लपवून तिने विचारलं, “कुणी सांगितलं?”

 सासरे उठून चपला घालायला लागले, एक हात चिमीपुढे धरून.