हवाई दलाल

आज महाडच्या माझ्या दुकानात पेपर उघडला, तर हवाई दलातून निवृत्त झालेल्या मोठ्या अधिकाऱ्याचा फोटो. शेजारचे सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत, ह्याची नजर मात्र वर आभाळात. तेवढ्यावरून ओळखला मी त्याला.

मी शाळकरी होते. आमच्या कुडपण गावच्या पठारावर वाळलेल्या गवताचा वास येत होता, वारा कानात शिरत होता. गणवेश नसलेला एक तरुण आला. "मी हवाई दलात आहे. हेलिकॉप्टर उतरेल अशी जागा बघतोय."

आईने 'दलाल' आणि 'जागा' एवढंच ऐकलं. "अवो, दलाल हाय!"

बाबांनी विळा खाली ठेवला. "पन त्यो जमिनीकडं बघतच नाय गो. वर काय बघतोय?"

"म्हंजे पक्काच हाय."

त्याला ताक दिलं, पण सावध राहून. "वारा कुठून येतो इथे?" त्याने विचारलं.

"इथं वाराच नाय," उडती टोपी दोन्ही हातांनी धरून बाबा म्हणाले. तो हसला आणि ताक पिऊन उतरला.

आता पठारावरच्या आमच्या जमिनीसाठी खरे दलाल गाड्या घेऊन येतात, 'ताई, ताई' करतात. त्यांचं बोलणं मी ऐकतच नाही, नुसती नजर बघते. अजून एकानेही मान वर केलेली नाही.