सव्वीस बाटल्यांचं वाण

दिनांक १८ जानेवारी २०२५, शनिवार. रक्कम रुपये सहा हजार. हजर: मी, बायको आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी. बसलो होतो डोंबिवलीतल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलाशी.

सहा हजार बायकोचे होते, साड्यांना फॉल-पिको करून साठवलेले. त्या बदल्यात वहिनींनी चाळीस बाटल्या दिल्या. भांडी घासायचा दाट, पातळ करून वापरायचा साबण. बाटली दीडशेला घ्यायची, दोनशे दहाला विकायची. दुकान नको, गाळ्याचं भाडं नको, ओळखीपाळखीत जाऊन हातात द्यायची. वहिनी दोन वर्षं हेच करत होत्या.

बायकोला हे हवं होतं त्याचं कारण तिची मान. शिवणयंत्र बंद करा, असं डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं. ती गळ्याला पट्टा लावून शिवत होती.

"तुझ्या हाताखाली चार जणी आणल्यास ना, तर त्यांच्या विक्रीवरही तुला मिळतं," वहिनी म्हणाल्या.

"मला माणसं नकोत हो वहिनी. मी बाटल्या विकते."

मी सवयीप्रमाणे सोबतचा कागद शेवटपर्यंत वाचला आणि सांगितलं, की सीलबंद माल महिन्याच्या आत परत करता येतो.

"भाऊजी, तिचं दुकान अजून उघडलं नाही, आणि तुम्ही शटर ओढायला निघालात?"

बायकोने मात्र ते मनावर घेतलं. म्हणाली, "सतरा फेब्रुवारीपर्यंत माझे सहा हजार माझ्या हातात परत आले, तर धंदा चालू. एक रुपया कमी पडला तरी उरलेल्या बाटल्या परत, आणि मी मशीनवर." ती बोलते तसंच करते. त्यामुळे तो आकडा मला तिच्याइतकाच पाठ झाला.

पुढच्या शनिवारी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. तीस बायका येणार, म्हणजे तीस गिऱ्हाइकं घरी चालून येणार. बायकोने सकाळी मुद्दाम दुधाचं पातेलं करपवलं. आयुष्यात पहिल्यांदा दूध लागल्याचा वास आला आणि घरात कुणी कुणावर ओरडलं नाही. बेत असा, की हळदीकुंकू झालं की एकेकीला स्वयंपाकघरात न्यायचं, वहिनींच्या घरच्या बाटलीतल्या साबणाने त्या पातेल्याचा थोडा भाग तिच्या डोळ्यांसमोर घासून दाखवायचा आणि वहीत ऑर्डर लिहून घ्यायची. बाटली दुसऱ्या दिवशी घरपोच, पैसे तेव्हा.

हळदीकुंकवाच्या दिवशी पुरुषाने घरात असून नसल्यासारखं राहायचं असतं. मला एकच काम होतं. "आतलं खोकं आणून दाराजवळच्या ताटात वाण लावा, आणि मग बेडरूममधून बाहेर येऊ नका."

आत खोकी दोन होती. एक माझ्या समोर होतं, ते मी उघडलं. बाटल्या. मला वाटलं, वा! नव्या धंद्यात पहिला नमुना फुकट द्यायचा, हे हिला कुणी शिकवलं? मुलगी दारात तिळगूळ आणि वाण द्यायला उभी होती. तिने विचारलं, "बाबा, हेच ना?" मी म्हणालो, "हेच." आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

साडेआठला बायको वही घेऊन आली. घासून घासून तिचे हात लाल झाले होते, पण चेहरा खुलला होता. "अकरा! अकरा जणींनी नावं लिहून दिली."

मुलगी म्हणाली, "आई, वाण कसलं भारी होतं! समोरच्या काकू म्हणाल्या, यंदा तुझ्या आईने हात सैल सोडला."

बायकोने दाराजवळचं ताट पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"गाळण्या कुठे आहेत?"

"कुठल्या गाळण्या?"

चहाच्या स्टीलच्या गाळण्या, प्रत्येकी चाळीस रुपयांच्या, दुसऱ्या खोक्यात सुखरूप होत्या. सव्वीस बायका आल्या होत्या आणि सव्वीस बाटल्या गेल्या होत्या. त्यात ऑर्डर दिलेल्या अकराही जणी. विकत घेण्याचं कबूल केलेली वस्तू त्यांना जाताना दारातच तिळगुळासोबत मिळाली होती. बायकोने वहीचं पान फाडलं नाही, नुसतं मिटून ठेवलं. ते मला जास्त लागलं.

चूक माझी, तेव्हा दुरुस्तीही मीच करावी, या विचाराने मी रविवारी सकाळी समोरच्या काकूंची बेल वाजवली. झालेला घोटाळा शांतपणे समजावला. सील फोडलं नसेल तर बाटली द्यावी, मी गाळणी आणली आहे, असं म्हणून गाळणी पुढे केली.

काकू म्हणाल्या, "अहो, वाण कुणी परत मागतं का? आणि तिळगुळाचं काय करू? तो मी खाल्ला."

दुपारपर्यंत दोन्ही विंगना कळलं. बायको म्हणाली, "बाटल्या गेल्या त्या गेल्या. लोकांना तोंड दाखवायची तरी सोय ठेवायची होती." पाणी भरायला, कचरा द्यायला, जिन्यात, सगळीकडे मला एकच प्रश्न: "भाऊजी, आज काय परत न्यायला आलात?"

बायको उरलेल्या चौदा बाटल्या घेऊन फिरली. ठाण्यात नौपाड्याला तिची मावसबहीण राहते, तिच्या इमारतीत पाच गेल्या. आमच्या मागच्या सोसायटीत चार. वाणवाल्या सव्वीस जणींपैकी एकही आली नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. बाटली दोन महिने पुरते. माल चांगला असल्याचा हा तोटा कागदात लिहिलेला नव्हता.

सतरा फेब्रुवारीला, सोमवारी, मी संध्याकाळी ठाण्याहून ऑफिसातून आलो तेव्हा टेबलावर वही उघडी होती आणि मशीनवरचं कापड काढून ठेवलेलं होतं. विक्री नऊ बाटल्या, एक हजार आठशे नव्वद.

"सव्वीसचे पैसे मी देणार आहे," मी म्हणालो. "खरेदीच्या भावाने, सव्वीस गुणिले दीडशे, तीन हजार नऊशे. त्यातून सव्वीस गाळण्या वाचल्या, त्यांचे एक हजार चाळीस खरं तर वजा व्हायला हवेत. ते मी सोडतो."

"उपकार झाले. बेरीज करा."

केली. पाच हजार सातशे नव्वद. दोनशे दहा कमी. बरोबर एक बाटली.

"दुकानात काच फोडलीत, तर मालकाला खरेदीचा भाव विचारता का?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "त्या बाटल्या दोनशे दहाला जाणार होत्या. अकरा तर गेल्याच होत्या."

"पण अगं, नवऱ्याने बायकोला दिलेले पैसे म्हणजे विक्री नव्हे. उद्या तू मला विचारशील, धंदा खरंच चालला का? तर मी नाही म्हणेन."

"म्हणा की! मी कुठे म्हणते चालला? मी म्हणते, चालू द्या."

नुकसान मी केलं होतं, माल तिचा होता आणि भाव बाटलीवर छापलेला होता. मी खिशातून पाच हजार चारशे साठ मोजून दिले. तिने दोनदा मोजले. मी पावती मागितली. तिने वहीतून पान फाडून लिहिली, खाली पूर्ण नाव घालून सही केली. मग मुलीला सांगितलं, मशीन झाकून ठेव.

जेवण झाल्यावर मी भांडी घासायला गेलो, तर ओट्यावर साबणाची जुनी वडीच होती. धंद्याच्या मालाला तिने स्वतः हात लावला नव्हता. उरलेल्या पाचांतली एक मी रोखीने घेतली, दोनशे दहाला. सूट मागितली, मिळाली नाही. एकूण दिले रुपये पाच हजार सहाशे सत्तर, बायकोला.