उपग्रहाची चतुःसीमा

अंधेरीच्या रजिस्ट्रेशन कचेरीबाहेर, बदामाच्या झाडाखाली, धोंडिराम साळव्यांचा टाइपरायटर वीस वर्षं खडखडला. काय दिवस होते ते! जुहूचा बंगला असो की कुर्ल्याची खोली, खरेदीखत त्यांच्याच हातून उतरायचं. चारी दिशांना कोण, वरच्या मजल्यावर कोण, खाली कोण, हे लिहिल्याशिवाय ते कागद यंत्रातून काढत नसत. चतुःसीमा नसलेला कागद म्हणजे त्यांच्या लेखी रद्दी.

चौऱ्याऐंशी साली त्यांची कमल एलएल.एम.च्या शेवटच्या वर्षाला होती. पोरीने विषय घेतला तोही आभाळातला. आपला देश उपग्रह सोडतो, पण उद्या त्याचा तुकडा कुणाच्या घरावर पडला तर भरपाई कुणी द्यायची, याचा आपला स्वतःचा कायदाच नाही, असं तिचं म्हणणं. प्रबंधाच्या शेवटी तिने तशा कायद्याचा मसुदाच जोडला होता. टाइप अर्थात बाबांनी केला. मुदतीच्या दिवशी दुपारी शेवटचं पान निघालं आणि कमलने ते न वाचताच बांधायला दिलं.

आठवड्याने तिने घरची प्रत चाळली आणि एक पान बाबांपुढे धरलं. मसुद्यात उपग्रहाच्या नोंदणीचा तक्ता होता. त्याखाली बाबांनी सवयीने चतुःसीमा घातली होती. चार दिशा कोऱ्या, आणि पुढे: ‘खाली: भारत. वर: हद्द ठरायची आहे.’

धोंडिरामांना घाम फुटला. लेकीच्या दोन वर्षांची वाट लागली, तीही बापाच्या बोटांनी. तोंडी परीक्षेला जाताना त्यांनी तिला बजावलं, "बाहेरच्या टायपिस्टची चूक म्हण आणि मोकळी हो. माझं नाव काढू नकोस."

ते खोलीबाहेर बाकावर बसले. दार उघडंच होतं. आत हशा पिकला तेव्हा त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे कुणी लिहिलं, असं परीक्षकांनी विचारलं.

"माझ्या बाबांनी," कमल म्हणाली. "धोंडिराम साळवे. कचेरीबाहेर टाइप करतात. वाचून पाहिलं नाही, ही चूक माझी. पण सर, अवकाश नेमकं कुठून सुरू होतं, हे अजून कुठल्याच करारात ठरलेलं नाही. मी ते तळटीपेत टाकलं होतं. बाबांनी त्याला मसुद्यात जागा दिली."

आतला हशा थांबला. पुढे ती पहिल्या वर्गात पास झाली. पण त्या दुपारी धोंडिरामांच्या मनात निकाल नव्हताच. वीस वर्षं ते दुसऱ्यांची नावं टाइप करत आले होते. आपलं नाव अशा खोलीत, असं ठणकावून कुणी घेतलेलं ते पहिल्यांदाच ऐकत होते. बसून ऐकणं त्यांना बरं वाटेना, म्हणून ते उठून उभे राहिले.