‘सरी’ म्हणजे मंजूर

इंटर्न मुलं डॉ. नरसिंहरावांना पाठीमागे ‘सरी सर’ म्हणतात, आणि हे त्यांना ठाऊक आहे. गुरुवारच्या वर्गात त्यांनी याच शब्दावर बंदी घातली आहे ना! कन्नडात सरी म्हणजे ‘बरोबर’, आणि सरी म्हणजे नुसतं ‘हं, ऐकलं’ सुद्धा. रिक्षात चालतं, भाजीवालीपाशी चालतं, वॉर्डात चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. सिस्टरने डोस विचारला की औषधाचं नाव आणि आकडा आपल्या तोंडाने परत म्हणायचा. जो नुसतं सरी म्हणेल, त्याने अख्ख्या वर्गाला कॉफी पाजायची.

मी वसुमती. याच हॉस्पिटलच्या ऑफिसात सव्वीस वर्षं बैठकांची मिनिट्स लिहिते. नरसिंहराव मला अण्णा. आम्ही दोघंही पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहून अर्धं कन्नड झालेलं मराठी बोलणारे. अण्णा जन्मभर भूलतज्ज्ञ म्हणून राबले आणि निवृत्तीच्या वयात, डॉक्टरांच्या हातून चुका कशा होतात हे नव्या पोरांना शिकवायचं काम त्यांनी मागून घेतलं. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला विरंगुळा. मला विचाराल तर हट्टी माणूस. नऊ वर्षं प्रत्येक वर्ग संपताना तेच सांगायचे: चूक झाली की इन्सिडेंट फॉर्म भरा, नाव घालून भरा. भरणाऱ्याला शिक्षा होणार नाही, हा माझा शब्द.

शाल्मलीने तो शब्द खरा मानला. ही मुलगी नागपूरची, इथे कोरमंगलात पेइंग गेस्ट म्हणून राहणारी. इंटर्नशिपचे जेमतेम दोन महिने उरले होते. कन्नड आकडे दहापर्यंत यायचे, तेही दुकानात शिकलेले. एका दुपारी तिने वॉर्डातल्या एका म्हातारबुवांच्या केसपेपरवर इन्सुलिनची सहा युनिटं लिहिली, आणि शेजारच्या नोंदीची उभी रेघ त्या सहाला चिकटली. सौम्या सिस्टरला सोळा दिसले. शंका आली म्हणून तिने बिचारीने विचारलंसुद्धा, ‘हदिनारु, सरी?’ हदिनारु म्हणजे सोळा. शाल्मलीच्या कानावर शेवटचा ‘आरु’ तेवढा पडला. आरु म्हणजे सहा. दुसऱ्या पेशंटचं रक्त काढता काढता ती म्हणाली, ‘सरी.’

सोळा युनिटं टोचली गेली, आणि थोड्या वेळात म्हातारबुवा घामाने भिजले आणि बेशुद्ध पडले. ग्लुकोज दिलं, शुद्धीवर आले, चौथ्या दिवशी घरी गेले. घरच्यांना वाटलं होतं, साखर अशीच उतरली असेल. कोणाला काही कळलंही नसतं. पण शाल्मलीने त्याच संध्याकाळी फॉर्म भरला, आरु आणि हदिनारुसकट, खाली पूर्ण नाव. दुसऱ्या दिवशी अण्णा तिला बरोबर घेऊन म्हातारबुवांपुढे आणि त्यांच्या मुलापुढे उभे राहिले, सगळं सांगितलं, माफी मागितली. मुलगा आधी भडकला, मग म्हणाला, सांगितलंत हे बरं केलंत. तो फॉर्म माझ्याकडे देताना अण्णांचे डोळे भरले होते. इतका प्रामाणिक कागद नऊ वर्षांत आला नाही, म्हणाले.

आमचे सुपरिंटेंडेंट डॉ. रघुनंदन यांना त्यात प्रामाणिकपणा दिसला नाही, लेखी कबुली दिसली. आपण गप्प बसलो तर उद्या आपणच अडकू, म्हणून तिची इंटर्नशिप तीन महिने वाढवावी, असं त्यांनी बैठकीत मांडलं. तीन महिने म्हणजे पुढच्या प्रवेशाची तारीख हुकणार, पोरीचं वर्ष बुडणार. अण्णा तावातावाने बोलले. आकड्यासाठी केसपेपरवर वेगळा चौकोन का नाही, बाहेरून आलेल्या मुलांना इथले आकडे कोण शिकवतं, असं बरंच. रघुनंदन घड्याळ बघत होते. शेवटी म्हणाले, ‘तर तीन महिने वाढवायचे असं ठरतंय, अण्णा. सरी?’

‘सरी,’ अण्णा म्हणाले, आणि पुढचा मुद्दा काढायला चष्मा पुसू लागले.

तोवर रघुनंदन उठले होते, खुर्च्या सरकल्या होत्या. मी लिहिलं, ‘सर्वानुमते मंजूर.’ अण्णांची सरी मला ओळखता येत नाही, असं मुळीच नाही. ही ‘ऐकलं’वाली होती, हे लिहितानाच मला कळत होतं. तरी विचारलं नाही. मिनिट्स लिहिणाऱ्या बाईने भर बैठकीत डॉक्टरांना ‘म्हणजे नक्की काय?’ असं विचारायची आमच्याकडे रीत नाही. त्या रीतीची मला चीड येते, आणि माझी त्याहून जास्त.

मिनिट्सची प्रत अण्णांच्या हातात पडली, तेव्हा त्या निर्णयाचं पत्र शाल्मलीच्या कॉलेजला जाऊन पोचलं होतं. ते तडक रघुनंदनांकडे गेले. रघुनंदन म्हणाले, तुम्हीच तर सरी म्हणालात. मग अण्णा माझ्या टेबलाशी आले.

‘वसू, तुला काय ऐकू आलं गे?’

‘तुम्ही नुसतं ऐकलंत, हे कळलं होतं, अण्णा. तरी मंजूर लिहिलं.’

त्यांनी कॉलेजला दोन पत्रं लिहिली, मीही माझी चूक लिहून दिली. सर्वानुमते झालेला निर्णय बदलता येत नाही, असं दोन ओळींचं उत्तर आलं.

त्या गुरुवारी मी वर्गात मागे जाऊन बसले. अण्णांनी बैठकीत आपण काय म्हणालो आणि त्याचं काय झालं, हे काही न लपवता सांगितलं. शाल्मली पहिल्या बाकावर होती. ती रडली नाही, रागावलीही नाही. तिने विचारलं, ‘सर, उद्या माझ्या हातून परत काही झालं तर काय करू?’

‘आधी पेशंटला सांभाळ,’ अण्णा म्हणाले. ‘मग मला येऊन सांग.’

‘आणि फॉर्म?’

‘फॉर्म नको.’

माझ्या पुढच्या बाकावरच्या दोन मुलांनी ते वहीत लिहून घेतलं.