सहावी घंटा

सगळे त्याला ठोक्या म्हणत. दिसेल ते ठोकायचा आणि कान लावायचा. पेला, दार, नळ. एकदा तर सासऱ्यांच्या टकलाकडे त्याचं बोट गेलं होतं, असं त्याचा मेहुणा चारचौघांत सांगे.

फाउंड्रीत हीच खोड कामाला आली. पंपाची बॉडी साच्यातून निघून थंड झाली की तो लहान हातोडीनं ती तीन ठिकाणी वाजवी. "हिला तडा आहे," म्हणे. वरून काही दिसत नसे. कापली की तडा सापडे. एकतीस वर्षांत तो दोनदा चुकला. ते दोन्ही दिवस त्याला पाठ होते.

"हा कान देवानं दिलाय," आई म्हणायची. "मागून मिळत नाही. वाया घालवू नकोस."

वडील शाळेत शिपाई होते. ते घंटा वाजवत तेव्हा हा खाली उभा. टोला पडे, पोरं पळत, आवाज मात्र वर चालूच राही. बारीक होत होत धाग्याएवढा. तो पार विरला की मगच हा काठाला हात लावी. पुढे शाळेत विजेची घंटा आली, जुनी भंगारात गेली. तो धागा पुन्हा कुठे ऐकू आला नाही. तो तसा आवाज शोधतच राहिला.

पन्नाशीला आल्यावर त्यानं मिस्त्रीला सांगितलं, "मला एक घंटा ओतायचीय."

"कुणाला हवीय?"

"मला."

"गळ्यात बांधून फिरणार?" मिस्त्री हसला. पण शनिवारी काम सुटल्यावर लहान भट्टी वापरू दिली. तांबं आणि कथील स्वतःचं आणायचं, निघताना रेती झाडून जायची.

घरी बायको म्हणाली, "अहो, घंटेनं पोट भरतं का? शनिवारी तरी पाठ टेका."

"दाजी, आठवडाभराची धग कमी पडते वाटतं," मेहुण्यानं री ओढली.

रेती चाळायची. ओल किती ते मुठीत दाबून बघायचं. साचा भरायचा, वाळवायचा, ओतायचं, घासायचं. एक घंटा म्हणजे पाच शनिवार. त्यातला एकही वाचवता येत नाही. त्यानं वाचवलाही नाही.

पहिली घंटा थप्प वाजली. दुसरी बायकोनं दाराला अडण म्हणून लावली. तिसरी, चौथी, पाचवी वाजायच्या आणि लगेच गप्प व्हायच्या. टोल्यामागे काहीच नाही.

त्याच वर्षी एकदा दूध उतू गेलं. बायकोनं तीन हाका मारल्या, तो शेजारच्या खोलीत बसून होता. कारखान्याच्या डॉक्टरनं कान तपासले. म्हणाला, "बारीक आवाज आधी जातात. गेले की परत येत नाहीत."

"बहिऱ्याची घंटा!" मेहुणा म्हणाला. बायको हसली नाही. भाऊ घरी निघून गेल्यावर म्हणाली, "आता तरी सोडा हो. ती फाउंड्रीच कान खातेय तुमचे."

"म्हणूनच घाई आहे," तो म्हणाला. "थोडा कान शिल्लक आहे तोवर."

दुसऱ्या शनिवारी त्यानं पाचवी घंटा घणानं फोडली. तुकडे उचलून बघितले. भिंत वरपासून खालपर्यंत सारखी जाड, पंपाच्या बॉडीसारखी. एकतीस वर्षांची सवय हातातून घंटेत उतरली होती. शाळेच्या घंटेचा काठ त्याच्या बोटांना आठवला. काठाशी अंगठ्याएवढी जाड, वर निम्मी.

त्यानं साच्यासाठी त्या मापाचा नवा लाकडी फर्मा केला. मिस्त्रीनं तो फिरवून बघितला. "अशी जाड-बारीक भिंत तडकते. पहिल्याच दिवशी शिकवलं होतं तुला."

"शिकवलं होतंत. म्हणून तर पाच फुकट गेल्या."

सहावी ओतल्यावर तो साच्याला शिवला नाही. हात शिवशिवत होते, तरी हळूहळू निवावी, तडकू नये म्हणून घंटा दोन दिवस तशीच रेतीत ठेवली. घासूनपुसून तयार झाली त्या शनिवारी बायकोला फाउंड्रीत घेऊन गेला. ती पहिल्यांदाच येत होती. पदर नाकाला लावून भट्टीपासून चार हात लांब उभी राहिली. मिस्त्रीनं घंटा साखळीला टांगली.

त्यानं लाकडी मोगरीनं एक टोला दिला.

टोला त्याला ऐकू आला. भरदार, गोल. मग आवाज ओसरत गेला, ओसरत गेला, आणि पार गेला. त्यानं कान जवळ नेला. काही नाही. सहावीसुद्धा तशीच! त्यानं मोगरी खाली ठेवली.

"चला," तो बायकोला म्हणाला. "झालं."

"शू!"

तिनं त्याच्याकडे न बघताच तळहात वर केला. पदर नाकावरून कधीच सुटला होता. मिस्त्री तोंड उघडं टाकून घंटेकडे बघत उभा होता, साखळीवरचा हातही हलवत नव्हता.

तेव्हा त्याला कळलं. त्यानं काठाकडे हात नेला आणि बोटभर अलीकडेच थांबवला. विरल्याशिवाय काठाला हात लावायचा नसतो. तो बायकोचा वर केलेला तळहात बघत राहिला, तो कधी खाली येतो याची वाट बघत.