माळावर न उभे राहिलेले मनोरे

सौर प्रकल्पातून निघणारी विजेची लाइन माळढोक अभयारण्याच्या अगदी कडेनं जाणार होती. तिचा पक्ष्यांवर काय परिणाम होईल हे तपासायला कंपनीनं मला नेमलं. आमचं घर सोलापुरातलं, टॉवेल विणणाऱ्या तेलुगू विणकरांचं. "गवत बघायचा पगार मिळतो," असं मी आईला तेलुगूत सांगितलं, तेव्हा तिला हसू आवरेना.

कंपनीचे इंजिनिअर पहिल्यांदा माझ्याबरोबर माळावर आले, तेव्हा ऊन चढलं होतं. पँटला चिकटलेली कुसळं उपटत ते म्हणाले, "मॅडम, इथं आहेच काय? गवत आणि दगड. परिणाम नाही म्हणून लिहा, विषय संपला."

माणूस वाईट नव्हता. वरून घाई होती. मी त्यांना समजावलं, की माळढोक पक्षी अंगानं जड, उडतो कमी उंचीवरून आणि समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही.

"पण तो आहे कुठं?"

तेच तर मी शोधत होते. रोज पहाटे जाऊन बसत होते. चंडोल दिसले, तित्तिर दिसले, एकदा लांडगाही दिसला. माळढोक मात्र नाही.

त्यात तिथं मेंढरं चारणाऱ्या एका मावशींनी मला हटकलं. "त्या पाखरापायी आमचा माळ बंद कराया आलीस व्हय गं?"

"नाही मावशी. मेंढरं नकोत असं मी कुठंच लिहिणार नाही."

"समदे असंच म्हणत्यात की," म्हणून त्या पुढं गेल्या.

मग एका सकाळी इंजिनिअर तारांच्या मनोऱ्यांच्या जागी खुंट्या ठोकून घ्यायला आले. मावशींची मेंढरं शेजारीच चरत होती. अचानक पलीकडच्या गवतातून तो उठला. उंच मान, पांढुरका गळा, रुंद पंख. सावकाश, जड उडत तो थेट आमच्याकडे आला आणि खुंट्यांच्या रांगेवरून, तारा येणार होत्या साधारण त्याच उंचीनं, पलीकडं गेला. इंजिनिअरांच्या हातातली टेप लोंबकळत राहिली.

"एवढा मोठा असतो?" ते हळूच म्हणाले.

मी वहीत वेळ, दिशा आणि उंची लिहून घेतली.

गावच्या शाळेत बैठक झाली. मी अहवाल मांडला: मनोरे नकोत, लाइन रस्त्याच्या कडेनं जमिनीखालून न्या. कंपनीचे मोठे साहेब खर्चाचं बोलू लागले. तेवढ्यात आमचे इंजिनिअर उभे राहिले. "सर, मी स्वतः पाहिलंय. केबल टाकता येईल, आराखडा मी करतो."

मागून मावशींचा आवाज आला, "जमिनीत घातली तर वरनं मेंढरं चरतील का?"

"चर बुजवला की गवत येईल, मावशी," ते म्हणाले.

"मग घाला की जमिनीत! वाट कुणाची बघताय?"

सगळी शाळा हसली, टाळ्या पडल्या. साहेबही हसले, पण हो म्हणाले नाहीत.

काही दिवसांनी कंपनीच्या होकाराचा फोन आला तेव्हा मी बाजारात शेंगाचटणी घेत होते. इतक्या जोरात ओरडले, की दुकानदार दचकला. "लॉटरी लागली काय ताई?"

"व्हय!" मी म्हणाले आणि शेजारून पेढे आणून सगळ्या दुकानाला वाटले.

आजही त्या रस्त्यानं जाताना सोबत जो असेल त्याला मी गाडी थांबवायला लावते. तो विचारतो, "काय बघायचंय?" मी सांगते, आभाळ बघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठंही एक तार नाही.